पडणारे पाणी, साचणारे पाणी

मृग नक्षत्र लागून पावसाने जम बसविला की आपल्या गॅलऱ्यांत आणि गच्च्यांत दरवर्षी एक विसंगती दिसू लागते. वैशाखाच्या काहिलीत आठवडा-आठवडा पाण्यावाचून राहूनही टवटवीत असलेली कोरफड आषाढ संपता संपता बुडापाशी पिवळी पडते. तिची पाने काचेसारखी पारदर्शक आणि लिबलिबीत होतात, आणि एके दिवशी नुसता हात लावताच संपूर्ण झाड मुळांपासून सुटून हाती येते. जेडच्या फांद्या सांध्यासांध्यांतून गळतात, ॲडेनियमचे फुगीर खोड दाबले तर बोट आत जाते. जी झाडे उन्हाळ्याने मारली नाहीत, ती पावसाने मारावीत, हे कोडे अनेक घरांत पडते. आणि ‘ही झाडे वाळवंटातली, त्यांना पाऊस मानवायचा नाहीच’ असे म्हणून त्यावर पडदा टाकला जातो.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. आपण सह्याद्रीत हिंडला असाल, तर डोंगरउतारांवर आणि कातळांच्या फटींत वाढलेला निवडुंग पाहिला असेल. पुण्यात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस होतो. घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट कोसळतो. तो सगळा पाऊस अंगावर घेऊन तेथील निवडुंग वर्षानुवर्षे उभा आहे. कारण त्याच्या मुळांशी पाणी येते आणि निघून जाते. कातळावरच्या मूठभर मुरमाड मातीत ते थांबतच नाही. आपल्या कुंडीत मात्र ते थांबते. मांसल पानांच्या झाडाला पडणारे पाणी मारीत नाही. साचणारे पाणी मारते. आजच्या लेखाचे सार एवढेच आहे. मात्र ते केवळ झाडापुरते नाही, कारण त्याच कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी आपल्या घरातील माणसांनाही आजारी पाडू शकते. म्हणून आरोग्याला वाहिलेल्या या पाक्षिकात या विषयाला जागा.

मुळांनाही श्वास लागतो

झाडाची मुळे केवळ पाणी पितात असे नाही, ती श्वासही घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतील हवेतून त्यांना प्राणवायू मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूची वाट जवळजवळ बंद होते, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. गुदमरलेली मुळे दुबळी होतात आणि ओल्या मातीत टपून बसलेल्या पिथियम, फायटोप्थोरा यांसारख्या रोगकारक जीवांना आयते भक्ष्य मिळते. आपल्याला दिसणारी ‘कूज’ ही या घटनाक्रमाची शेवटची पायरी होय.

मग शेजारच्याच कुंडीतली जास्वंद त्याच पावसात का बहरते? कारण जास्वंद दिवसभर पानांवाटे भरपूर पाणी हवेत सोडते आणि मुळांनी मातीतले पाणी ओढून घेते. म्हणजे ती स्वतःच आपली कुंडी रिकामी करीत असते. कोरफड, पानफुटी, जेड या मंडळींचा रिवाज निराळा आहे. पाणी वाचविण्यासाठी ही झाडे पानांवरील सूक्ष्म रंध्रे दिवसा मिटून ठेवतात आणि मुख्यतः रात्री उघडतात. रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उजेडात त्यापासून अन्न तयार करायचे, असा त्यांचा क्रम असतो. या शोधाचे एक टोक आपल्या देशातच आहे. दक्षिण भारतात दीर्घकाळ काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी १८१३ साली एका पत्रात नोंदविले होते की, पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारपर्यंत बेचव होते आणि संध्याकाळी कडवट लागते. रात्री साठलेले आम्ल दिवसभरात खर्च होते, म्हणून हा बदल. (आपण मात्र हा प्रयोग जिभेवर करून पाहू नये, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात.)

अशी काटकसरी झाडे मातीतले पाणी मुळातच थोडे घेतात. त्यातून श्रावणातील ढगाळ दिवस आणि मुंबई-कोकणातील ऐंशी टक्क्यांच्या वर राहणारी आर्द्रता. अशा हवेत कुंडीतले पाणी ना झाड पिते, ना ते हवेत उडून जाते. ते काढून लावण्याची व्यवस्था आपल्यालाच करावी लागते.

कुंडीच्या तळाचे गणित

येथे एक रूढ समजूत तपासून पाहायला हवी. निचरा चांगला व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खडे किंवा खापऱ्या यांचा थर द्यावा, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी त्याखालच्या जाड खड्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली टपकू लागते. म्हणजे जो चिखलाचा थर कुंडीच्या तळाशी राहिला असता, तो खड्यांच्या उंचीइतका वर, मुळांच्या अधिक जवळ येतो.

याचा पडताळा स्वयंपाकघरात घेता येईल. भांडी घासण्याचा चौकोनी स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. टपकणे थांबले की तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच. फक्त उंची वाढली आणि तळाचे ओझे सुटले. कुंडीतली मातीही अशीच वागते. तळाशी किती उंचीपर्यंत पाणी धरून राहायचे, हे मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. म्हणून पसरट, उथळ ताटासारखी कुंडी दिसायला देखणी असली तरी पावसाळ्यात तिच्यातली जवळजवळ सगळी माती ओलीच राहते. त्यापेक्षा थोडी उभट कुंडी बरी.

यावर उपाय एकच : सगळे मिश्रणच भरड करावे. एक भाग बागेची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि तीन भाग भरड पदार्थ, असे प्रमाण आपल्या पावसाला मानवते. भरड पदार्थ म्हणजे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढी खडी, विटांचे किंवा कोकणात जांभ्याचे बारीक तुकडे, लाकडी कोळशाचे तुकडे, किंवा रोपवाटिकेत मिळणारे पर्लाइट. हे सारे चाळून त्यातली धूळ काढून टाकावी, कारण धूळच पोकळ्या बुजविते. बांधकामाची बारीक वाळू त्याच कारणाने टाळावी. देशावरील काळी माती शेतात सोन्यासारखी असली तरी कुंडीत तिचा लगदा होतो. या झाडांना ती नको. कोकोपीटही पाणी फार काळ धरून ठेवते, तेव्हा त्याचे प्रमाण अगदी थोडे असावे. मिश्रण योग्य झाले की नाही, याची खूण सोपी आहे : तांब्याभर पाणी वरून ओतल्यावर ते पृष्ठभागावर तळे न करता लगेच खाली उतरले पाहिजे.

कुंडी शक्यतो भाजलेल्या मातीची, न रंगविलेली घ्यावी. तिच्या भिंतींतूनही ओल बाहेर पडते. ती झाडाच्या मानाने मोठी नसावी, कारण जिथे मुळे पोहोचलेली नाहीत ती माती सर्वांत उशिरा वाळते. तळाच्या भोकावर माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता जाळीचा तुकडा ठेवावा, आणि कुंडीखाली विटांचे तीन तुकडे देऊन ती जमिनीपासून बोटभर उचलावी. जमिनीला चिकटलेल्या कुंडीचे भोक बंद झाल्यासारखेच असते.

नक्षत्रांच्या क्रमाने

कुंड्या बदलणे, मिश्रण नवे भरणे, ही कामे रोहिणी संपून मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी आटोपावीत. पुनर्लागवडीत तुटलेल्या मुळांच्या जखमा कोरड्या मातीत भरून येतात. भर पावसात हे काम काढल्यास त्याच जखमांतून कूज शिरते.

आर्द्रा नक्षत्र लागण्यापूर्वी झाडांची वर्गवारी करावी. शेर, निवडुंग, घायपात, पानफुटी आणि स्नेक प्लांट ही काटक मंडळी निचरा उत्तम असेल तर पुणे, नाशिक, मराठवाडा किंवा विदर्भात उघड्यावरही तगतात. मुंबईत आणि कोकणात, जिथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तिथे त्यांनाही वळचणीखाली ठेवणे शहाणपणाचे. कोरफड, जेड, ॲडेनियम, हावर्थिया यांना सर्वत्रच छपराखाली पण भरपूर उजेडात जागा द्यावी. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातून आलेली गुलाबाच्या आकाराची एचेव्हेरिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या रखरखीत प्रदेशातील दगडासारखी दिसणारी लिथॉप्स यांच्या अंगावर मात्र पावसाचा शिंतोडाही नको.

आपल्याकडे पावसाळी वारे नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात. त्यामुळे पश्चिमेच्या गॅलरीत छप्पर असूनही कुंड्या झोडपल्या जातात, तर पूर्वेच्या गॅलरीत त्या बऱ्याच कोरड्या राहतात. शक्य असल्यास या चार महिन्यांपुरते त्यांचे बिऱ्हाड पूर्वेकडे हलवावे. ज्यांची पाने एकाच गाभ्याभोवती दाट रचलेली असतात, त्यांच्या गाभ्यात पाणी साठते. अशा कुंड्या किंचित तिरप्या ठेवाव्यात. कठड्यावर एकही कुंडी ठेवू नये. वादळी वाऱ्यात खाली पडलेली कुंडी कुणाच्या तरी डोक्यावर पडते.

छपराखालच्या झाडांना पाणी केव्हा द्यावे? वार पाहून नव्हे, कुंडी उचलून. कोरड्या कुंडीचे वजन हाताला एकदा कळले की ओल्या कुंडीचा जडपणा लपत नाही. शंका असल्यास उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसून घटकाभराने काढावी. काडीला ओली माती चिकटली तर पाणी नको. श्रावणात या पद्धतीने पंधरा-वीस दिवसांतून एकदा पाणी लागले तरी पुष्कळ. पाने किंचित सुरकुतली तर घाबरू नये. सुरकुतलेले पान पाण्याने पुन्हा भरते, कुजलेले मूळ मात्र परत येत नाही. खतही या दिवसांत बंद ठेवावे. कमी उजेडात खताने फोफावलेली कोवळी वाढ सर्वांत आधी सडते.

एवढे करूनही कूज दिसली, तर त्याच दिवशी झाड उपटावे. मऊ, काळपट भाग स्वच्छ धारदार पात्याने कापत जावे; कापलेल्या खोडात एकही तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत थांबू नये. प्रत्येक कापानंतर पाते पुसावे. उरलेला निरोगी भाग सावलीत, हवेशीर जागी सहा-सात दिवस तसाच ठेवावा, म्हणजे जखमेवर खपली धरेल. मग तो कोरड्या मिश्रणात रोवून आणखी आठवड्याने पहिले पाणी द्यावे. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये.

पुढे हस्त नक्षत्र सरते आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागते. चार महिने सावलीत राहिलेले झाड एकदम त्या उन्हात ठेवल्यास पाने भाजतात. तेव्हा सकाळचे तासभर ऊन, मग दोन तास, असे दहा-पंधरा दिवसांत त्यांना सरावू द्यावे.

ताटलीतला धोका

आता माणसांविषयी. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरविणारा एडिस इजिप्ती हा डास गटारापेक्षा घरातील आणि घराभोवतीचे स्वच्छ साचलेले पाणी पसंत करतो. कुंडीखालची ताटली ही त्याची आवडती जागा. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगतो : सात दिवसांनी पाणी फेकले, तर अळीचा डास होण्याआधीच ती साखळी तुटते.

पण नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. या डासाची मादी अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटविते. पाणी आटले तरी ती अंडी अनेक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. म्हणून ताटली काथ्याने किंवा ब्रशने खरवडून घासावी, आणि मगच वाळवावी. त्याहून सोपा मार्ग म्हणजे जून ते ऑक्टोबर ताटल्या काढूनच ठेवणे. खालच्या मजल्यावर पाणी गळेल अशी अडचण असल्यास कुंडीला पाणी न्हाणीघरात नेऊन द्यावे आणि पूर्ण निथळल्यावर ती जागेवर ठेवावी. मनी प्लांटची बाटली, रिकाम्या कुंड्या, झारी यांतले पाणीही त्याच दिवशी बदलावे किंवा ओतावे. हे काम रविवारी सकाळी घरातल्या मुलाला आजी-आजोबांसोबत नेमून द्यावे. मोजून दहा मिनिटे लागतात आणि अळी म्हणजे काय, हे मूल एकदा पाहिले की विसरत नाही.

कुंड्या घरात घेताना आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘स्नेक प्लांट रात्री प्राणवायू देते, म्हणून ते उशाशी ठेवा’ असे सर्रास सांगितले जाते. वर पाहिल्याप्रमाणे ही झाडे रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरे. प्राणवायू मात्र उजेडातच तयार होतो. कुंड्यांनी खोलीची हवा शुद्ध होते, ही समजूत १९८९ साली नासाने केलेल्या अभ्यासातून लोकप्रिय झाली. तो अभ्यास लहान, बंद पेट्यांत केलेला होता. हवा खेळत असलेल्या घराला ते निष्कर्ष लागू पडत नाहीत. उलट कोंदट खोलीत ओल्या कुंड्यांची गर्दी केली तर बुरशी वाढते. घरात कुणाला दमा असेल, तर झाडे खिडकीपाशी, कोरडी आणि मोजकी ठेवावीत.

दुसरी गोष्ट चिकाची. पावसाळ्यात छाटणी, कापाकापी अधिक होते. शेर आणि निवडुंग यांचा पांढरा चीक त्वचेला दाहक असतो. तो डोळ्यात गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते. हातमोजे आणि चष्मा घालूनच ही झाडे हाताळावीत. चीक डोळ्यात गेलाच तर न चोळता किमान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि लगोलग नेत्रतज्ज्ञांकडे जावे. कोरफडीच्या पानाच्या सालीखालचा पिवळा चीक तीव्र रेचक आहे. तो पोटात जाऊ नये, गर्भवतींच्या तर मुळीच नाही. कुजू लागलेले कोरफडीचे पान भाजलेल्या किंवा खरचटलेल्या जागी कधीही लावू नये. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर पानफुटी आणि तिच्या कुळातील फुलझाडे त्यांच्या तोंडी लागणार नाहीत अशी उंच ठेवावीत.

वाचकहो, पाणी घालणे हा आपल्याकडे मायेचा सहज आविष्कार आहे. पाहुण्याला, पाखराला, तुळशीला आपण आधी पाणी देतो. म्हणूनच हिरव्या झाडापाशी रिकाम्या हाताने उभे राहणे आपल्याला जड जाते. परंतु घरातल्या प्रत्येकाचे पथ्य जसे वेगळे असते, तसे या झाडांचेही आहे. या चार महिन्यांत त्यांना आपल्याकडून पाण्यापेक्षा उजेड, वारा आणि मोकळा निचरा हवा असतो. हा अंक हाती पडेल त्या दिवशी गॅलरीत जाऊन प्रत्येक कुंडी एकदा उचलून पाहावी. तिचे वजन जोखावे, आणि तिच्याखाली साचलेले काही असेल तर ते त्याच क्षणी ओतून, घासून, पालथे घालावे.